नऊ, चाळीस, पंचेचाळीस

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज समितीचं पत्र हातात पडलं. सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेच्या शस्त्र विभागात नोंदी ठेवतेय, आजवर कोणी विचारलं नाही की बाई, तुम्ही नक्की करता काय. आता पोलीस खात्याला नवीन पिस्तुलं घ्यायची आहेत आणि कुठल्या गोळीची घ्यायची यावर साहेबलोकांचं जमत नाही, म्हणून माझी आठवण झाली. गेल्या बारा वर्षांत आपल्या पोलिसांनी जिथे जिथे गोळी झाडली, त्या सगळ्या फायली काढायच्या आणि प्रत्यक्ष प्रसंगात कुठली गोळी कशी वागली त्याचा तक्ता करायचा. नऊ, चाळीस की पंचेचाळीस. मुदत चार आठवडे.

नऊ हे मिलिमीटर आणि बाकीचे दोन इंचाचे शंभरावे भाग. पण समितीचे अध्यक्ष पहिल्याच बैठकीत म्हणाले म्हणे, "पंचेचाळीस म्हणजे नवाच्या पाचपट!" आणि एकानेही त्यांना दुरुस्त केलं नाही. मी दोन्ही गोळ्या मोजून पाहिल्या. फरक अडीच मिलिमीटरचा. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा.

ही वही भिंगवाल्यांच्या सांगण्यावरून. भिंगवाले म्हणजे आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्या जुळवणारे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आणि शंभर वर्षांनी शांत. म्हणाले, "ताई, एक खासगी वही ठेवा. अहवालात शंका लिहिता येत नाहीत, आणि पोटात ठेवल्या की पित्त होतं."

घरी सांगितलं तेव्हा यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "किती वर्षांच्या फायली?"

"बारा."

"म्हणजे गोदामाची पण येणार."

"येणारच की. तीच तर तुमच्या पंचेचाळीसची वकील आहे."

हे उठले आणि चहाचे कप विसळून ठेवले. पोलिसातून निवृत्त होऊन वर्ष झालं, आता कुठे घरकामाचा किडा चावलाय. उशिरा का होईना, चावला हे बरं झालं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दोनशे चौदा फायली. टेबलावर मावेनात, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर आणि दोन खुर्च्यांवर रचल्या आहेत. शिपाई म्हणतो, "बाई, आता तुम्ही कुठे बसणार?" म्हटलं, फायलींवर बसते, तसंही नोकरीभर तेच केलं.

याआधीचा तक्ता पंधरा वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने केला होता. त्याची रीत अशी की अंगात एकच गोळी लागलेली प्रकरणं तेवढी घ्यायची, माणूस जागेवर थांबला की नाही ते पाहायचं, आणि टक्केवारी काढायची. दोन गोळ्या लागल्या की फाईल बाद. चुकलेल्या गोळ्यांचा तर रकानाच नाही. दहापैकी सात गोळ्या भिंतीत गेल्या तरी तक्त्याला त्याचं सोयरसुतक नाही. मी चार रकाने आखले: झाडल्या किती, लागल्या किती, कुठे लागल्या, आणि त्यानंतर माणूस किती वेळ हलत होता. भिंगवाले म्हणाले, "चुकलेल्या गोळ्या मोजायला घेतल्यात? तुम्ही लोकप्रिय होणार नाही."

गोदामाची फाईल अजून उघडली नाही. खाली दबली आहे, फार धूळ आहे तिच्यावर.

ती गोष्ट इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. अकरा वर्षांपूर्वी, भर दुपारी, हे आणि यांचा जोडीदार शिडी एका गोदामात चोरीच्या खबरीवर गेले. शिडी हे त्याचं टोपणनाव, उंचीमुळे पडलेलं. खोक्यांच्या रांगेतून एक माणूस सुरा घेऊन धावून आला. दोघांनी मिळून पाच गोळ्या झाडल्या. यांची एक त्याच्या पोटात लागली, तरी तो थांबला नाही. शिडीपर्यंत पोचला आणि मानेवर वार केला. शिडी तिथेच गेला. तो माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला. तेव्हापासून हे एकच वाक्य बोलतात: "लागली होती गं, पण नऊची. नऊची गोळी म्हणजे टाचणी." प्रशिक्षण केंद्रात तर प्रशिक्षक प्रत्येक नव्या तुकडीला ही गोष्ट सांगतात. आमची लेकही आता तिथेच शिकतेय, तिलाही ती परक्या तोंडून ऐकावी लागली.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज खालच्या खोलीत जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचणी. ठोकळा चार अंशांवर गार करायचा, आधी एक छोटा पोलादी छर्रा मारून तो ठरलेल्या खोलीवर थांबतो का ते पाहायचं, आणि मगच खरी गोळी. छर्रा जास्त आत गेला तर अख्खा ठोकळा फेकून द्यायचा. पहिले दोन फेकले, शीतपेटीचं दार कोणीतरी अर्धवट लावलं होतं. तिसऱ्यावर तिन्ही गोळ्या चालवल्या. नऊ छत्तीस सेंटिमीटर आत गेली, चाळीस पस्तीस, पंचेचाळीस चौतीस. तिघी बहिणी शोभतील.

दुपारी शवविच्छेदनवाल्या डॉक्टरबाईंकडे गेले. विचारलं, जखम पाहून तुम्हाला गोळी कुठली ते ओळखता येतं का? त्या हसल्या. "तिन्ही जखमा शेजारी ठेवल्या तर मला सांगता येणार नाही. मी फक्त एवढंच सांगू शकते की कुठे लागली." डोक्याला किंवा मणक्याला लागली नाही, तर माणूस पुढची दहा-पंधरा सेकंद काहीही करू शकतो म्हणे. हृदय फुटलं तरी. दहा-पंधरा सेकंदांत गोदामाची एक रांग धावून होते.

घरी येऊन यांना सांगितलं. मला वाटलं होतं वाद घालतील, आता बाह्या सरसावतील. हे म्हणाले, "डॉक्टरबाई बरोबर सांगतायत." एवढंच! सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाच्या बाबतीत मी पहिल्यांदाच जिंकले. आनंदाने दोन अंडी जास्त फोडली ऑम्लेटमध्ये.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हे हल्ली माझ्या कामात फार रस घेतात. आज विचारत होते, "अंगातून काढलेल्या गोळ्या पण पाहता का? पाकिटं उघडून?" म्हटलं हो, किती फुलली ते मोजावं लागतं ना, भिंगवाले मोजतात, स्लिप देतात, मी तक्त्यात उतरवते. "सगळी पाकिटं?" "सगळी." "गोदामाचं पण?" "अहो, सगळी म्हणजे सगळी." मग म्हणाले, "कर, कर. नीट कर." माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

झोप मात्र नीट लागत नाही त्यांना. आम्लपित्त असणार. दुधाचं प्रमाण वाढवलं पाहिजे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज गोदामाची स्लिप आली. भिंगवाल्यांचं नेहमीचं बारीक अक्षर: कॅलिबर नऊ. फुलून झालेली रुंदी साडेतेरा. पीळ डावा, सहा.

मी व्यास उतरवला आणि पेन तिथेच थांबलं.

पिस्तुलाच्या नळीत आतून पीळ असतो, गोळी गरगरत सरळ जावी म्हणून. त्या पिळाच्या खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात; सहा म्हणजे सहा खाचा. त्या काळी खात्यात दोन प्रकारची नऊची पिस्तुलं होती. जुन्या लॉटचा पीळ डावा, नव्या लॉटचा उजवा. यांच्याकडे नवीन होतं. जुनं होतं शिडीकडे. त्याने बदलूनच घेतलं नव्हतं, हात बसलाय म्हणायचा. दोन्ही नोंदवह्यांत मीच लिहिलं आहे, मला पाठ आहे.

पाच रिकाम्या पुंगळ्या सापडल्या होत्या, चार यांच्या, एक शिडीची. भिंतीत आणि खोक्यांत चार भोकं. अंगात एक गोळी. यांनी जबानी दिली की माझ्या तीन चुकल्या, एक लागली, शिडीची गेली कुठेतरी. बेरीज जुळत होती. पीळ कोणी पाहिलाच नाही.

कारण पाहायला पाठवलंच नाही. पाकिटावर शिक्का आहे: तुलना आवश्यक नाही. दोन्ही पिस्तुलं नऊची, प्रश्न एवढाच विचारला होता की कॅलिबर कुठलं, आरोपी मेला म्हणून खटलाही नाही. शिक्क्याखाली सही माझी. तेव्हा हे धक्क्याने दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडून होते, आणि मला वाटलं, ही फाईल जेवढी लवकर मिटेल तेवढं बरं. मी अक्षरशः शिक्का शोधून मारला होता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भिंगवाल्यांना म्हटलं, जरा परत बघा. त्यांनी बघितलं. म्हटलं, उलटी तर ठेवली नव्हती? हसले नाहीत. "ताई, गोळी कशीही धरली तरी पीळ बदलत नाही." तरी तिसऱ्यांदा बघितलं. मग चष्मा काढून विचारलं, "कुठली फाईल?"

सांगितलं.

बराच वेळ गोळी पाकिटात सरकवत राहिले. "स्लिप माझी, रकाना तुमचा," एवढंच म्हणाले आणि मला त्यांच्या थर्मासमधला चहा दिला. त्यांचा चहा ते कोणाला देत नाहीत.

बिचाऱ्या माणसाला माहीतच नाही. भिंगवाल्यांना नव्हे, यांना म्हणतेय. त्या धुमश्चक्रीत कोणाची गोळी कुठे गेली हे कोणाला कळणार? यांना खरंच वाटलं असणार की आपली लागली. अकरा वर्षं त्या एका गोळीच्या आधारावर हे उभे आहेत: मी माझं केलं, गोळी कमी पडली. आणि आता मी जाऊन सांगू की तुमची लागलीच नव्हती? आपलेच दात, आपलेच ओठ.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लेक सुट्टीवर आली. प्रशिक्षणाचा चौथा महिना. दारातच म्हणाली, "आई, काही विचारू नकोस, आधी आंघोळ." उजव्या हाताच्या अंगठ्यामागची कातडी सोलवटलेली. समितीने मागवलेली पंचेचाळीसची पिस्तुलं त्यांच्या तुकडीवर आजमावतायत. हिचा हात म्हणजे चिमणीचा पंजा, म्हणून तर घरातलं नाव चिमणी. मूठ पुरत नाही, झटका आला की पकड सुटते.

"नऊने पन्नासात चव्वेचाळीस," म्हणाली. "पंचेचाळीसने एकतीस. प्रशिक्षक म्हणतात, सवय होईल. आणि बाबांची गोष्ट सांगतात. सगळ्यांसमोर. 'एकतीस लागल्या तरी खऱ्या लागतील,' म्हणतात."

"तुला काय वाटतं?"

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतील म्हणून मी काही बोलत नाही. पण आई, माझा हात काही वाढणार नाही आता. उरलेल्या एकोणीस गोळ्या रस्त्यावर कोणाला तरी लागतील ना?"

हे ऐकत होते. औषधाची पेटी आणली, तिच्या हाताला पट्टी बांधली. पट्टी बांधायला केवढा वेळ. मग तिचा हात आपल्या तळहातावर ठेवून बघत बसले. ती म्हणाली, "बाबा, सोडा, जेवायचंय."

२२ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं. सतरा फायली मी 'कागद अपुरे' म्हणून बाजूला ठेवल्या आहेत. गोदामाची अठरावी. खोटं काही नाही, तुलना झाली नव्हती म्हणजे कागद अपुरेच. यांच्या अंगाला ओरखडा न येता ती फाईल तक्त्यातून जाईल, आणि उरलेल्या एकशे शहाण्णव फायली लेकीच्या बाजूने बोलतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शिडीची बायको आठवली नाही असं नाही. वहिनींची लोक आजही समजूत घालतात, घाबरला नव्हता हो तो, नेम चुकला फक्त. पण अकरा वर्षं होऊन गेली. आता त्यांनाही उगाच कशाला.

हे वाचलं की माझंच मला पटत नाही. तरी असू दे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण. तक्त्याचा कच्चा मसुदा वर पाठवला, तर दुपारीच अध्यक्षांचा फोन. "बाई, गोदामाची केस कुठे आहे? अहो, ज्या केसमुळे ही समिती बसली, तीच गाळलीत?" म्हटलं, कागद अपुरे आहेत. "मग माणूस आहे ना! तुमचे यजमान. त्यांना मंगळवारी घेऊन या, तोंडी सांगतील. कागदापेक्षा माणूस बरा."

यांना निरोप सांगितला. म्हटलं, नाही म्हणा, बरं नाही सांगा. यांनी कपाटातून करडा शर्ट काढला आणि इस्त्रीची पिन भिंतीत खुपसली. मंगळवार पाच दिवसांवर होता.

३ मार्च, मंगळवार

सविस्तर लिहिते.

लांब टेबल, पाच जण, पाण्याचे जग. आधी मी तक्ता वाचला. एकशे शहाण्णव प्रसंगांत झाडलेल्या गोळ्या आठशे एकाहत्तर. लागल्या दोनशे अडुसष्ट. म्हणजे शंभरातल्या एकोणसत्तर चुकल्या. जिथे लागल्या तिथे नऊ, चाळीस आणि पंचेचाळीस यांच्यात डोळ्यात भरेल असा फरक नाही. कुठे लागली यात मात्र जमीन-अस्मानाचा. मोठ्या गोळीने दुसरी गोळी झाडायला वेळ जास्त लागला आणि ती जास्त वेळा चुकली. एक सदस्य माना डोलवत होते. अध्यक्ष म्हणाले, "छान. कष्ट घेतलेत. पण आकडे एका बाजूला आणि अनुभव एका बाजूला." आणि यांच्याकडे वळले.

"सांगा साहेब. त्या दिवशी तुमच्या हातात पंचेचाळीस असतं, तर तुमचा जोडीदार आज जिवंत असता की नाही?"

हे उभे राहिले. बसून बोला म्हटलं तरी उभेच. म्हणाले, "माझ्या हातात कुठलीही गोळी असती तरी ती भिंतीलाच लागली असती."

कोणाला कळेना. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे?"

"माझ्या चारही चुकल्या. सात पावलांवरून. मी डोळे मिटून झाडत होतो. डोळे उघडले तेव्हा शिडी माझ्यापुढे आला होता. त्याने एकच झाडली आणि तो माणूस पोट धरून त्या बाजूला वाकला. मी पाहिलं. जी लागली ती शिडीची. मी जबानीत माझी म्हणून सांगितली."

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. विचारलं, याला पुरावा काय? हे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंगवाल्यांची स्लिप फाईलमध्येच ठेवली होती, का ते मला सांगता येणार नाही. काढून टेबलावर ठेवली. मोठ्याने वाचायला सांगितलं, तर मीच वाचली. पीळ डावा, सहा.

"ती फाईल अपुऱ्यांत नको ठेवूस," हे मला म्हणाले, सगळ्यांसमोर. "रकान्यात घाल. झाडल्या पाच, चुकल्या चार."

४ मार्च, बुधवार

रजा घेतली.

रागावले आहे मी. फार रागावले आहे. पंधरा दिवस मी या माणसाला कापसात गुंडाळून ठेवत होते, बिचाऱ्याला माहीत नाही म्हणत होते, आणि बिचाऱ्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं! कोणापासून कोणाला वाचवत होते मी? सकाळी तोंडावर विचारलं, "मला का नाही सांगितलंत? अकरा वर्षं?"

"तू शिक्का मारलास," म्हणाले. "मला वाटलं, तुला कळलंय आणि तू मिटवलंस. मग मी तुझ्यासाठी गप्प बसलो आणि माझ्यासाठी पण. दोन्ही एकदमच झालं."

म्हणजे मी त्यांना झाकत होते आणि ते मला. मी स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलत बसले. चार जणांचे सोलले. घरात आम्ही दोघंच.

८ मार्च, रविवार

लेकीला बातमी केंद्रातच कळली होती. आली ती सरळ यांच्यासमोर बसली. मी दारात उभी, हातात लाटणं नाही एवढंच.

"किती अंतर होतं बाबा?"

"सात पावलं."

"आणि चारही गेल्या?"

"चारही."

ती बराच वेळ बोटाची पट्टी खरवडत बसली. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलेल. म्हणाली, "परवा मी सात पावलांवरून पाच चुकवल्या. कागदावर. तो काही सुरा घेऊन अंगावर येत नव्हता." मग म्हणाली, "चुकल्या त्याचं मला काही नाही हो, बाबा. पण मी त्या गोष्टीला टाळ्या वाजवल्या होत्या, पहिल्या आठवड्यात. तुम्ही मला वाजवू दिल्यात."

हे रडले. लग्नानंतर मी यांना दुसऱ्यांदा रडताना पाहिलं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण जवळ घेतलं नाही. मला तिचं बरोबर वाटलं आणि वाईटही वाटलं.

१५ मार्च, रविवार

वहिनींकडे जाऊन आलो. हे म्हणाले होते एकटा जातो. म्हटलं, त्या पाकिटावर सही माझी आहे.

दुसरा मजला, नेहमीची खोली. शिडीच्या उंचीने लावलेल्या खुंट्या अजून तिथेच आहेत, वहिनी स्टुलावर चढून टॉवेल अडकवतात. हे दर वर्षी शिडी गेला त्या तारखेला तिथे जातात, फळं देतात आणि उभ्या उभ्याच निघतात. आज बसले आणि सगळं सांगितलं. कोण कुठे उभं होतं, कोणत्या रांगेत, कोणाच्या आधी कोण. एकदाही नऊ म्हणाले नाहीत, एकदाही पंचेचाळीस म्हणाले नाहीत. मग मी माझ्या शिक्क्याचं सांगितलं.

वहिनींनी मध्ये एकदाच विचारलं, "ते तुमच्या पुढे आले होते?"

"हो."

"मग तुम्ही मागे होतात."

"हो, वहिनी."

त्या उठून आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, भांड्यांचा नाही. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. यांना म्हणाल्या, "भावजी, या वर्षी त्या तारखेला येऊ नका. मी बोलवेन तेव्हा या. बोलवेन की नाही मला आज सांगता येत नाही."

जिन्यात हे कठड्याला धरून उतरत होते. "बरोबर बोलल्या," म्हणाले. मीही तेच म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

३० मार्च, सोमवार

समितीचा निर्णय आला. नऊच राहणार, सरावाचे तास दुप्पट, आणि पिस्तूल देण्याआधी प्रत्येकाच्या हाताचं माप घेणार. लेकीचा निरोप आला, "चव्वेचाळीसवरून सत्तेचाळीस." यांच्या नावे खात्याची नोटीसही आली आहे, जबानीबद्दल उत्तर द्यायचं आहे. मलाही येईल. भिंगवाल्यांनी दोन्हींचे मसुदे तपासून देतो म्हटलंय.

दुपारी वहिनी कार्यालयात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फायली अजून खुर्चीवरच होत्या, त्या उचलेपर्यंत उभ्या राहिल्या.

"मला लेखी हवंय," म्हणाल्या. "लोक अकरा वर्षं मला तोंडी समजावत आले. आता मला कागद द्या, शिक्क्याचा."

असा कागद कोणी मागितलेला मला आठवत नाही, म्हणून त्याचा नमुनाही नाही. नेहमीच्या अहवालाच्या साच्यातच टंकायला घेतलं. पहिली ओळ: कॅलिबर, नऊ मिलिमीटर. वहिनी माझ्या मागे उभ्या राहून पडद्यावर वाचत होत्या.

"ते काय?"

"गोळीचं माप."

"ते नको."

पुसलं. वर शिडीचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, दिनांक आणि ठिकाण लिहिलं. त्याखाली: झाडलेल्या गोळ्या, एक. लागलेल्या गोळ्या, एक. भिंगवाल्यांना बोलावून त्यांची सही घेतली, खाली माझी केली आणि शिक्का मारला. कागद पुढे करताना काहीतरी विचारावं म्हणून विचारलं, यांना काही सांगू का. "अजून नको," म्हणाल्या.

कागद हातात घेऊन त्यांनी तो उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढली, बसल्या, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागल्या.